वटवाघळांच्या बारा नळ्या आणि साळवेमामांची साक्ष

नगर जिल्ह्यात लोक देवाला जातात, गडावर जातात, लग्नाला जातात. मी गेलो तो वटवाघळांच्या पंखांचे तुकडे आणायला आणि साळवेमामांना एक गोष्ट सांगायला. तुकडे मिळाले. गोष्ट सांगायला मात्र चार दिवस, तीन तालुके आणि परक्या माणसाचं धोतर लागलं.

मी पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. शमुवेल साळवे तिथे प्रयोगशाळेत मदतनीस होते. सगळे त्यांना मामा म्हणत. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी नाकावर पानासारखी घडी असलेल्या छोट्या वटवाघळांचे नमुने गोळा केले. सहा मिरजगावजवळच्या एका कोरड्या विहिरीतून, सहा राजूरजवळच्या गुहेतून. दिसायला दोन्हीकडची अगदी सारखी. पण दिसण्यावरून नातं ठरत नाही, म्हणून आम्ही त्यांच्या पेशींतला एक ठरावीक जनुकीय तुकडा वाचणार होतो. हा तुकडा आईकडून लेकरांकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो. दोन ठिकाणच्या तुकड्यांत किती फरक पडला आहे ते पाहिलं, की त्यांच्या वाटा कधीतरी वेगळ्या झाल्या होत्या का, हे कळतं.

पंखाच्या पडद्याला टिकलीएवढं भोक पाडायचं, तो तुकडा स्पिरिटच्या नळीत टाकायचा, प्राणी सोडून द्यायचा. भोक काही आठवड्यांत भरून येतं. नळीवर लिहायचं ते पेन्सिलीनं, कारण झाकणातून झिरपलेल्या स्पिरिटात शाई उतरते. मामांनी मला हे सांगितलं होतं. मी मात्र नवा मार्कर आणला होता आणि मला तो वापरायचा होता.

राजूरच्या गुहेतून खाली येईपर्यंत बाराच्या बारा नळ्या कोऱ्या झाल्या. मामा त्या दिवशी तापानं फणफणून लॉजवर पडले होते. मी एकट्यानं नावं पुन्हा लिहिली. कशी लिहिली ते पुढे सांगतो, कारण ते इतक्या लवकर सांगण्याची हिंमत मला अजून झालेली नाही. आमच्या निबंधात वटवाघळांची दोन कुळं असून ती दोन्हीकडे मिसळून राहतात असं निघालं. पुढे दुसऱ्या लोकांनी तपासलं, तर विहिरीतली सगळी एका कुळाची आणि गुहेतली सगळी दुसऱ्या कुळाची. चौकशी झाली. मी सांगितलं, नळ्या डब्यात मामांनी भरल्या होत्या. हे खोटं नव्हतं, त्यांनी भरल्या होत्याच. मामांच्या सेवापुस्तकात शेरा आला. निवृत्तीच्या निरोपसमारंभात मी भाषण केलं, माणूस चुकतो म्हणालो, आणि सगळ्यांसमोर त्यांना माफ केलं. मामा रडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चूक कोणाची होती हे मला त्या टाळ्या चालू असतानाही माहीत होतं.

मागच्या दिवाळीत त्यांचा फोन आला. "सर, सत्तर झालो. ती वटवाघळं डोक्यातून जात नाहीत. तुम्ही परत नमुने घ्यायला जाल तेव्हा मला न्या. माझ्या हातून बिघडलं, माझ्या डोळ्यांदेखत नीट होऊ दे."

मी वनखात्याची परवानगी काढली आणि निघालो.

भिंगार, गुरुवार

पाट्यांवर अहिल्यानगर आलं आहे, तोंडात नगरच आहे. भिंगारला लष्कराच्या भिंती संपतात तिथे जुना बाजार लागतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत मामांचं घर. दार उघडायच्या आधीच राहेलबाई, मामांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "अहो, तुमचे माफ करणारे सर आले."

ह्या नावानं त्या घरात माझी ओळख होती. मला वाटलं, एवढ्यावरच परत फिरावं. पण त्यांनी अंड्याचा पोळा आणि गरम चपात्या पुढे ठेवल्या, आणि मी खाल्ल्या. आपण वाईट माणूस आहोत म्हणून मी कधी जेवण नाकारलेलं नाही.

जेवताना कळलं, की मामा भिंगारमध्ये त्या नळ्यांमुळे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या चर्चमध्ये लोक उभे राहून आपली साक्ष देतात: काय चुकलं, देवानं कसं सावरलं. मामा दर वर्षी वटवाघळांची साक्ष देतात. शेजारच्या गावांतून त्यांना बोलावणी येतात.

"मागच्या वर्षी राहुरीकडे नेलं होतं," राहेलबाई म्हणाल्या. "बायका रडल्या."

"नळ्या सांडतात ना, तिथे रडतात," मामा नम्रपणे म्हणाले.

"नळ्या सांडल्या होत्या?" मी विचारलं.

"मग काय सर! तापात हात थरथरत होता. डबा उघडला आणि घळाघळा."

एकही नळी कधी सांडली नव्हती.

मग मामा गाडीत सामान ठेवायला गेले आणि राहेलबाई हळू आवाजात म्हणाल्या, "साक्ष देतात ते ठीक आहे. पण पाळकसाहेबांनी ह्यांना बाप्तिस्म्याचं रजिस्टर लिहायला सांगितलं, तर नको म्हणाले. माझ्या हातून पोरांची नावं बदलतील म्हणे. बँकेतली स्लिपसुद्धा मी भरते. केवढं सुंदर अक्षर होतं ह्यांचं, सर."

मी ठरवलं, उद्या विहिरीवर सांगायचं.

मिरजगावच्या पुढे, शुक्रवार

सोलापूरच्या रस्त्यानं मिरजगाव सोडलं, की डावीकडे एक वस्ती आहे. ज्वारीची काळी रानं, मध्येच डाळिंबाची बाग, आणि बबनतात्यांची जुनी पायऱ्यांची विहीर. पाणी कधीचंच आटलेलं. कमानीखाली दोनेकशे वटवाघळं लटकतात. इकडे त्यांना पाकुळ्या म्हणतात.

तात्यांनी मला ओळखलं. त्यांच्या पत्नी कौसाबाईंनी मास्क, मोजे आणि चष्मा चढवलेला माझा अवतार पाहून विचारलं, "सर, पाकुळ्यास्नी काय झालंय, का तुमास्नी?"

मी त्यांना तो आईकडून येणारा तुकडा समजावून सांगितला. वर्गात एवढं लक्ष देऊन कोणी ऐकत नाही.

"म्हंजी पाकुळ्यांत बापाचं नावच न्हाई?"

"त्या तुकड्यात नाही."

"लई ब्येस." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आन् हितं म्या म्हायेरचं नाव काढलं तरी ह्यांच्या कपाळाला आठ्या."

"पाकुळ्यांच्या नावावर सातबारा न्हाई," तात्या म्हणाले. "म्हनून चालतंय त्यांचं."

मी जाळी घेऊन पायऱ्या उतरलो. चौथं वटवाघूळ सोडून देताना पाय घसरला आणि मी गुडघ्याच्या वर वटवाघळांच्या लेंड्यांत रुतलो. वरून तात्यांचा काळजीचा आवाज आला, "सर, हलू नगा! त्ये खत हाय. डाळिंबाला ठिवलंय." त्यांनी आधी माझ्या भोवतीचं खत फावड्यानं नीट बाजूला केलं आणि मग मला ओढून काढलं.

नळ्या भरल्यावर मी पेन्सिल मामांपुढे धरली. त्यांनी हात मागे घेतले.

"नको सर. तुम्हीच लिहा. तुमच्या हाताला यश आहे."

माझी पँट कौसाबाईंनी धुवायला घेतली होती. तात्यांचं धोतर नेसून मी पडवीत जेवायला बसलो. हुलग्याची शेंगोळी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. शेंगोळी म्हणजे हुलग्याच्या पिठाची वळलेली वेटोळी, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली. पुण्यात ती हॉटेलात मिळतात, पण तिथे ती सुटी सुटी होतात. मी हे सविस्तर लिहितो आहे, कारण तेव्हाही मी शेंगोळ्यांचाच विचार करत वेळ काढत होतो. मग मी म्हणालो.

"मामा, त्या नळ्यांची नावं तुम्ही बदलली नाहीत. मी बदलली."

मामांनी भाकरी ताटात ठेवली. "सर, असं बोलू नका."

"खरं सांगतोय. शाई उतरली होती. मी परत लिहिली, चुकीची लिहिली, आणि नाव तुमचं पुढे केलं."

"सर, नळ्या माझ्या हातून सांडल्या. मला दिसतंय अजून. एक तर पलंगाखाली गेली होती."

"कुठलीच सांडली नव्हती, मामा."

"दहा वर्षं मी देवासमोर सांगतोय. सांडल्या नसत्या तर सांगितलं असतं का?"

तात्या माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होते. "काय मानूस हाय!" ते कौसाबाईंना म्हणाले. "नोकराची चूक सोताच्या आंगावर घ्यायला काळीज लागतंय. आमच्या भावकीत एक न्हाई असा. अगं, सरांस्नी त्याल वाढ."

कौसाबाईंनी शेंगोळ्यांवर कच्च्या तेलाची धार सोडली. मी परत सांगितलं, की चूक माझीच होती. तात्यांनी हात जोडले. तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर त्यांनी माझे पाय धरले असते, म्हणून मी भाकरी मोडून घेतली. मामांचे डोळे भरून आले होते. "असेच आहेत सर," ते म्हणाले. "निरोपसमारंभातसुद्धा असंच केलं होतं."

धोतर फिटेल म्हणून मला उठूनही जाता येईना.

राजूर, शनिवार

जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या रस्त्याबद्दल एवढंच, की पूर्वेला माणूस पाण्याबद्दल बोलतो, मध्ये उसाबद्दल आणि अकोले सोडलं की भाताबद्दल. राजूर डोंगरातलं बाजाराचं गाव आहे. तिथले पेढे खाल्ल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, आम्हीही गेलो नाही. तिथून आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या हिराबाईंच्या घरी गेलो. गुहेची वाट त्याच दाखवतात. बारा वर्षांपूर्वीही त्यांनीच दाखवली होती. आता त्या पन्नाशीच्या आहेत आणि चढताना माझी पिशवी मागून घेतात.

गुहेतले सहा नमुने दुपारच्या आत झाले. कोणी पडलं नाही. नागलीची भाकरी आणि खुरासणीची काळी, तेलकट चटणी त्यांच्या ओट्यावर खाल्ली. मी ह्याच ओट्याची वाट पाहत होतो. मामा माझ्यावर विश्वास ठेवणार नव्हते. मला दुसरं माणूस हवं होतं.

"हिराबाई," मी म्हणालो, "मागच्या वेळी मी इथे बसून नळ्यांवर लिहीत होतो. तेव्हा काय झालं ते ह्यांना सांगा."

त्या घाबरल्या. "माजं काय चुकलं का?"

"तुमचं नाही."

त्यांनी मामांकडे वळून सांगायला सुरुवात केली. "सरांनी हितं बारा नळ्या मांडल्या. कपाळाला हा घाम. म्हनले, हिराबाई, यातल्या तुमच्या गुहेतल्या कंच्या? आता त्यात दिसाया काय हुतं, बाबा? टिकलीएवढं कातडं. समदं सारखं."

"मग?" मामा.

"मंग काय. पाव्हना दारात बसून इचारतोय. न्हाई ठावं, असं कसं म्हनायचं? म्हनलं, ही. ही. आन् ही."

"आणि सरांनी लिहिलं?"

"माजं बोट पुढं ग्येलं की लगी लिवायचे. म्या दोनदा म्हनलं, सर, जरा बघून घ्या. म्हनले, तुमचा जल्म हितं गेला, तुमाला कळनारच."

आमच्या निबंधात पद्धतीचं एक लांबलचक प्रकरण होतं. त्यात हे नव्हतं.

हिराबाईंनी मला विचारलं, "मंग माज्या किती बरोबर आल्या?"

"सहातल्या तीन."

"निम्म्या तरी आल्या," त्या जरा खूश होऊन म्हणाल्या.

मामांनी ताट उचललं, स्वतः विसळलं, पालथं घातलं. राजूरला परत आल्यावर त्यांनी राहेलबाईंसाठी आणखी पेढे घेतले. मला एकही दिला नाही. संगमनेरच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना ऊस असताना ते म्हणाले, "गाडी थांबवा."

ते उतरले, बांधावर दहा मिनिटं पाठमोरे उभे राहिले आणि परत येऊन मागच्या सीटवर बसले. दोन दिवस ते माझ्या शेजारी बसत होते.

"सर, मी दहा वर्षं क्षमा मागितली. ती मला मिळाली, असं मला अगदी आतून कळलं होतं. झोप लागायला लागली होती." त्यांचा आवाज शांत होता आणि म्हणूनच मला आरशात पाहवेना. "चूक माझी नव्हतीच तर ती क्षमा कुठे गेली?"

"मला माहीत नाही, मामा."

"तुम्हाला मिळाली असेल का?"

"नाही. मला झोप लागत नाही."

"मग वाया गेली," ते म्हणाले.

भिंगारला घरी राहेलबाईंनी सगळं दारातच ऐकून घेतलं. मला वाटलं, त्या मला हाकलतील. त्यांनी पेढ्याचा पुडा घेतला, आत ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "सर, ह्या घरात मी तुमच्या नावानं प्रार्थना केलीय." एवढंच. मी लॉजवर जायला निघालो तेव्हा मामा फाटकापर्यंत आले.

"उद्या साक्षीचा रविवार आहे. माझं नाव लागलंय. बाहेरगावचे लोक येणार आहेत."

"मग काय सांगणार?"

"मी काय सांगू? माझ्याकडे काही उरलंच नाही. तुम्ही सांगा. माझ्या लोकांना, माझ्या समोर. मग मी रजिस्टरचं बघतो."

भिंगार, रविवार

मी आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये बोललो. आमच्याकडे पाप हे खासगीत फेडायचं असतं: एखादा उपवास, एखादं दान, आणि घरच्यांनाही पत्ता लागू द्यायचा नाही. इथे त्यासाठी माईक असतो. पंखे फिरत होते, बायकांच्या डोक्यावर पदर होते, आणि वटवाघळांची साक्ष ऐकायला आलेली माणसं बाकांवर दाटीनं बसली होती. पाळकसाहेबांनी माझी ओळख करून दिली. "साळव्यांना माफ करणारे सर," असं म्हटल्यावर काहींनी माना डोलावल्या.

मी सांगितलं. मार्कर, स्पिरिट, मामांचा ताप, हिराबाईंचं बोट. नावं मी चुकवली आणि दोष मामांवर गेला. हे फार नंतर माझ्या लक्षात आलं आणि तेव्हापासून मला चैन नाही, असं म्हणून मी हात जोडले.

कोणी रडलं नाही. मग मागच्या बाकावरून एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साळवे, ही काय जमली नाही. तुमची मागचीच बरी होती."

"व्हय," दुसरं कोणीतरी म्हणालं. "नळ्या सांडत्यात ती."

पाळकसाहेब खोकले. गाणं सुरू करायची खूण होणार, इतक्यात मामा पहिल्या बाकावरून उठले. सत्तरीचा माणूस, इस्त्रीचा पांढरा सदरा. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, पण लोकांकडे पाठ करून.

"सर, मध्ये एक जागा सुटली," ते म्हणाले. "नंतर लक्षात आलं म्हणालात. चौकशीत माझं नाव सांगितलंत त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं का?"

वर फिरणारा एक पंखा कुरकुरत होता. मला वाटलं, वीज जाईल. गेली नाही.

"माहीत होतं," मी म्हणालो.

"मोठ्यांदा सांगा."

"माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला माफ केलं, तेव्हाही माहीत होतं."

बायकांच्या बाजूला कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. राहेलबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"हां," मागची म्हातारी म्हणाली. "आता झाली साक्ष. बसा खाली."

मामांनी पाळकसाहेबांकडे वळून रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते विचारलं. मग ते आपल्या जागी जाऊन बसले. त्यांच्या शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा होती आणि तिथे त्यांची पिशवी होती. मी दोन पावलं तिकडे गेलो. त्यांनी समोर पाहत पिशवी तशीच राहू दिली. मी मागे जाऊन त्या म्हातारीच्या बाकावर बसलो. तिनं गाण्याचं पुस्तक उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.